असूनही

शाळेतून पुरस्कारासाठी जाणारे शिफारसपत्र बहुधा घाईत लिहिले जाते. परिपत्रक महिनाभर आधी आलेले असते, सूचनावहीत सगळ्यांच्या सह्या होऊन ते स्टाफरूमभर फिरलेलेही असते. पण लिहायला बसायची वेळ येते ती शेवटच्या दोन दिवसांत, मधल्या सुट्टीत, कोपराखाली चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा दाबून. साचा ठरलेला असतो. 'सदर विद्यार्थिनी आमच्या प्रशालेत इयत्ता नववीत शिकत असून' इथे सुरुवात, 'तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा' इथे शेवट, खाली मुख्याध्यापकांची सही आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का. या दोन टोकांच्या मध्ये पाच-सात ओळींची जागा उरते. तेवढ्या जागेत त्या मुलीला उभे करायचे असते. मुलगी अंध असेल, कुबड्या घेऊन चालणारी असेल, तर पहिल्या पावलालाच एक शब्द आडवा येतो: असूनही.

'पूर्ण अंध असूनही वर्गात पहिली.' 'दोन्ही पायांनी अधू असूनही सहलीत गडावर आली.' वाक्य कानाला गोड लागते आणि लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण मराठीतला हा एका अक्षराचा 'ही' मोठा बोलका आहे. 'तोही आला' म्हटले, की तो येईल असे कुणाला वाटले नव्हते, हे न सांगता कळते. गंमत अशी, की पत्राच्या पहिल्याच ओळीत 'शिकत असून' आलेले असते. तिथला 'असून' नुसता सांधा आहे, दोन गोष्टी एकापुढे एक ठेवणारा. दोन ओळी खाली त्यालाच 'ही' चिकटतो आणि आता मुलीविषयी कमी, लिहिणाऱ्याच्या अपेक्षेविषयी जास्त कळू लागते. अंध मूल पहिले येणार नाही, हे त्याने मनाशी आधीच धरलेले होते.

धाडसाच्या पुरस्काराची शिफारस लिहिणे त्या मानाने सोपे. भारतीय बालकल्याण परिषदेचे शौर्य पुरस्कार १९५७ पासूनचे. त्यांच्या उगमाशी जी गोष्ट सांगतात, ती दिल्लीच्या रामलीला मैदानावरची: पंडित नेहरू बसले होते त्या मांडवाला आग लागली आणि चौदा वर्षांच्या हरिश्चंद्र मेहरा या स्काउटने चाकूने मांडवाचे कापड फाडून वाट करून दिली. अशा घटनेला तारीख असते, जागा असते, बघणारे असतात. शिफारसपत्र जवळजवळ पंचनाम्यासारखे लिहिता येते. चिकाटीचे तसे नाही. ती अमुक दिवशी अमुक वाजता घडत नाही. पावसाळ्यातल्या चिखलातून रोज शाळेत येणे ही घटना नव्हे, कारण ती रोज घडते. म्हणून लिहिणारा प्रसंग शोधत बसतो, आणि प्रसंग सापडला नाही की विशेषणे काढतो. 'जिद्दी, कष्टाळू, हसतमुख, आज्ञाधारक.' यातले 'हसतमुख' तर अपंग मुलांच्या पत्रात हटकून असते. धडधाकट मुलाने हसतमुख असावे, असा आग्रह कुणाचा नसतो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती, विज्ञान व तंत्रज्ञान अशी त्याची क्षेत्रे. अर्ज पोर्टलवर भरायचा, कामगिरीचे वर्णन पाचशे शब्दांत बसवायचे. या क्षेत्रांत अपंगत्व नावाचे क्षेत्र नाही, आणि ते बरेच आहे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्कारांत अपंग मुलामुलींसाठी वेगळा गट आहे. तिथे दारावरच पाटी असते. बाल पुरस्काराच्या दारातून आत जायचे तर पोहणाऱ्याने पोहून जायचे. मुंबईची जिया राय स्वमग्न आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बारा वर्षांची असताना, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर ८ तास ४० मिनिटांत पोहून गेली, आणि २०२२ चा बाल पुरस्कार तिला क्रीडा क्षेत्रात मिळाला. तिचे पत्र कुणी लिहिले असेल, त्याला विशेषणांच्या मागे लागावे लागले नसेल. समुद्राने अंतर दिले, घड्याळाने वेळ दिली. पंचाईत होते ती ज्यांच्या वाट्याला समुद्र येत नाही त्या मुलांच्या पत्रात. गणिताच्या तासाला फळा दिसत नाही म्हणून मैत्रिणीच्या कुजबुजीवर बैजिक राशी सोडवणाऱ्या मुलीची कामगिरी किलोमीटरमध्ये कशी सांगायची?

एके काळी शाळेतले अपंग मूल म्हणजे बहुतेक पोलिओचे मूल. बुटाला जोडलेल्या लोखंडी सळ्या, गुडघ्याशी आवळलेला चामड्याचा पट्टा, पावसाळ्यात तांबेरणारे स्क्रू. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर कॅलिपरचा आवाज आला, की कोण येते आहे हे वर्गाला न पाहता कळायचे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तो आवाज शाळांतून गेला. त्याच्याबरोबर अपंगत्व डोळ्यांना सहज दिसण्याची सोयही गेली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, अध्ययन अक्षमता अशी नावे आली, जी चालण्या-बोलण्यावरून ओळखू येत नाहीत. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतला सिकल सेलचा मुलगा सांधे ठणकायला लागले की चार दिवस अंथरुणावर असतो, पाचव्या दिवशी वर्गात येऊन बसतो. त्याच्या वाट्याला 'असूनही' येतच नाही. त्याच्या वाट्याला हजेरीपटावरचा शेरा येतो.

शब्दांचेही बरेच स्थलांतर झाले. आधी लुळा-पांगळा, मग अपंग, मग विकलांग. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला आणि कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. हा शब्द काहींना सन्मानाचा वाटतो, तर काहींना त्यात साध्या माणसाला देवत्वाच्या चौरंगावर बसवून विषय मिटवल्यासारखा वाटतो. पत्र लिहिणाऱ्याला या वादात शिरायला वेळ नसतो. तो 'दिव्यांग' लिहितो आणि पुढे 'असूनही' जोडतो. 'दिव्यांग असूनही' या जोडीतला विनोद त्याच्या लक्षात येत नाही.

एखादीचे वर्णन करायला विशेषण लागत नाही, याचे जम्मूच्या किश्तवाड भागातली शीतल देवी हे उत्तम उदाहरण. तिला जन्मतः हात नाहीत. ती नेम धरते तो असा: स्टुलावर बसून उजव्या पायाने धनुष्य उचलायचे, उजव्या खांद्याला बांधलेल्या साधनात दोरी अडकवायची, पाय पुढे लोटत ताण वाढवत न्यायचा, आणि हनुवटीशी असलेल्या चापाने बाण सोडायचा. पुढे पन्नास मीटरवर लक्ष्य. लहानपणी झाडांवर चढून तिच्या धडात आणि खांद्यांत आलेली ताकद प्रशिक्षकांच्या कामी आली. २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने दोन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. पॅरिसला २०२४ मध्ये पात्रता फेरीत ७२० पैकी ७०३ गुण, आणि राकेश कुमारबरोबर मिश्र दुहेरीत कांस्य. अर्जुन पुरस्कार घेतला ९ जानेवारी २०२४ रोजी, सतरावे वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना. तिच्या आधी मॅट स्टुट्झमन नावाचा हात नसलेला अमेरिकन तिरंदाज पायाने धनुष्य धरून २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये रौप्य घेऊन गेला होता. वाट पडलेली होती, ती तिच्यापर्यंत आणणारे प्रशिक्षक होते, खांद्याचे साधन जमवणारे हात होते. पाय उचलतो, खांदा ओढतो, हनुवटी सोडते. क्रियापदे एकामागून एक आली की वाचणारा थांबून बघतो, आणि 'जिद्द' हा शब्द कुठे नाही याची त्याला आठवणही होत नाही.

मात्र असे काटेकोर लिहिण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जरा कडवट आहे. अपंग मुलाची शिफारस दोन वाचकांपुढे जाते. एकाला दया येते, दुसऱ्याला संशय. पुष्कळदा ही दोन माणसे एकाच खुर्चीत बसलेली असतात. 'एवढे केले?' हा उद्गार आणि 'खरेच तिनेच केले?' हा प्रश्न यांच्यात अंतर फार नसते. कमी अपेक्षेतूनच दोन्ही निघतात.

हेलन केलरच्या लहानपणी हे घडून गेले आहे. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल ॲनाग्नोस यांनी आपल्या वार्षिक अहवालांतून या मुलीचे इतके गुणगान केले, की ती दहा-अकरा वर्षांची होईतो जगात तिचे नाव झाले होते. आजच्या भाषेत ते अहवाल म्हणजे एक लांबलचक शिफारसपत्रच. १८९१ च्या शरदात हेलनने त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून हिमराजाची एक गोष्ट लिहून पाठवली. ॲनाग्नोस यांनी कौतुकाने ती छापली. थोड्याच दिवसांत कळले, की मार्गारेट कॅनबी या लेखिकेची तशीच एक परीकथा आधीच प्रसिद्ध आहे. ती हेलनला तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कुणीतरी तळहातावर बोटांनी लिहून ऐकवली असावी, आणि ऐकल्याचे विसरून शब्द मात्र मनात राहिले असावेत. अकरा वर्षांच्या, डोळे आणि कान दोन्ही नसलेल्या मुलीला आठ जणांच्या समितीपुढे बसवले. शिक्षिका ॲन सलिव्हन यांना बाहेर ठेवले. मते चार विरुद्ध चार पडली. ॲनाग्नोस यांनी आपले मत हेलनच्या बाजूने टाकले, पण पुढे त्यांचेच मन फिरले. ज्या माणसाने तिला आकाशात चढवले, त्यालाच ती खोटी वाटू लागली. हेलन पुढे १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली, पुस्तके लिहिली, जगभर हिंडली. पण लिहिताना हे शब्द आपलेच ना, ही धास्ती तिला कित्येक वर्षे छळत राहिली. डोळस मुले शाळेच्या हस्तलिखितासाठी ऐकलेल्या गोष्टी सर्रास लिहून देतात. त्यांच्यासाठी कुणी समिती बसवत नाही; बाई फार तर कान धरतात.

हाच प्रश्न दर मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला लहान रूपात येऊन बसतो. प्रयोगशाळेशेजारच्या रिकाम्या खोलीत एक बाक, बाकावर दोन मुली. एक दहावीची, जिला दिसत नाही. दुसरी एक-दोन इयत्ता खालची, तिची लेखनिक. पेपरच्या दर तासामागे वीस मिनिटे जादा. वरची सांगते, खालची लिहिते. 'स्वल्पविराम. नवीन परिच्छेद. नाही, आधीचं खोड.' भूमितीत कोनांची नावे सांगताना आकृती सांगणारीच्या डोक्यात असते आणि पट्टी दुसरीच्या हातात. मराठीच्या पेपरला तर न्याय अधिकच अवघड: निबंध एकीचा, ऱ्हस्व-दीर्घ दुसरीचे. 'परीक्षा'तली वेलांटी कधी चुकून ऱ्हस्व पडते, आणि गुण जातात ते सांगणारीचे. तिला ब्रेलमध्ये ती वेलांटी पक्की येत असते. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ई चे ठिपकेच वेगळे. बोटाला फरक कळतो, कानाला कळेलच असे नाही. निकाल लागला की पेढे वाटले जातात, पुरस्काराचे पत्र निघते, त्यात 'असूनही' येतो. लेखनिक मुलीचे नाव कुठे नसते. ते असायला हवे का, हे ठरवणे सोपे नाही. लिहिले तर संशयी वाचकाला निमित्त मिळेल. गाळले तर तीन तास मान मोडून लिहिणारी एक मुलगी नाहीशी होईल.

'जिद्द' हा शब्द अशी पुष्कळ माणसे आणि वस्तू गिळतो. रोज पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत येणारी आई त्यात जाते. एसटीच्या तिकिटात अपंगांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण गाडीच्या पहिल्या पायरीची उंची सवलतीत कमी होत नाही. ती पायरीही त्यात जाते. शाळेच्या दाराशी उतार असतो, कारण त्याची तपासणी होते. दहावीचा वर्ग मात्र वरच्या मजल्यावर, कारण तो आधीपासून तिथेच आहे. मुलगी कठड्याला धरून चोवीस पायऱ्या चढते आणि पत्रात लिहिले जाते, की ती न कंटाळता चढते. वर्ग खाली आणायला अनुदान लागत नाही. वेळापत्रकात एक बदल आणि शिपायाला एक निरोप, एवढ्याचे काम. ज्या पेनाने शिफारस लिहिली त्याच पेनाने तेही लिहिता आले असते. स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन लेखिकेने, जी स्वतः चाकाच्या खुर्चीत होती, २०१४ साली एका व्याख्यानात हेच दुखणे उघड केले होते: अपंग माणूस नुसता जगतो यातच इतरांनी स्फूर्ती शोधावी, ही चाल तिला मान्य नव्हती. व्याख्यानानंतर काही महिन्यांतच ती गेली, बत्तीस वर्षांची असताना.

याचा अर्थ जिद्द खोटी, असा मात्र नाही. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्यात गेले. पुढे त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नाव आहे 'चाकाची खुर्ची'. नावात ना झेप आहे, ना भरारी. एक वस्तू आहे, जिच्यावर बसून कामे करता येतात. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने एवढे शीर्षक जरी समोर ठेवले, तरी त्याची निम्मी विशेषणे आपोआप गळतील.

आणि पत्र लिहिलेच नाही, लिहिले पण मानले गेले नाही, तर? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिलेच. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली, अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. पदक आणि अर्जुन यांच्यामध्ये बावन्न वर्षे गेली. मधल्या काळात पोहण्याची वेळ बदललेली नव्हती.

मुलांच्या बाबतीत एवढे थांबता येत नाही. अठरा पूर्ण झाले की बाल पुरस्काराचे दार बंद. म्हणून घाई असते, आणि घाईत एक गोष्ट बहुतेक राहून जाते. जिच्याविषयी पत्र आहे, तिला ते वाचून दाखवले जात नाही. खरे तर तिला वाचून दाखवावेही लागत नाही. कितीतरी अंध मुली आता मोबाइलवर नाहीतर संगणकावर स्वतः वाचतात. एनव्हीडीए नावाचे पडदावाचक सॉफ्टवेअर तर फुकट मिळते, आणि ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनीच बनवलेले आहे. त्याचा मराठी आवाज सपाट असतो. तो 'अंध' आणि 'अव्वल' एकाच सुरात म्हणतो. 'असूनही' वाचतानाही त्याला आश्चर्य वाटत नाही. लिहिणाऱ्याने ते वाक्य त्या आवाजात एकदा ऐकले, तर कदाचित 'ही' खोडेल, कदाचित पुरे वाक्यच नव्याने लिहील, असे काही: सकाळी साडेसहाच्या गाडीने येते, वहीऐवजी पाटी आणि टोचा वापरते, उजवीकडून डावीकडे टोचते आणि पान उलटून डावीकडून उजवीकडे वाचते, इतिहासाच्या सनावळ्या विचारल्या तर मास्तरांच्या चुका काढते.

पत्र टंकून होते. लेटरहेडवर छापले जाते, सही होते, शिक्का जरा वाकडा उमटतो. मग ते पोर्टलवर चढवायचे म्हणून स्कॅनरखाली ठेवले जाते, आणि अक्षरांचे चित्र होते. प्रत तिच्याही मोबाइलवर पाठवली जाते, वर 'अभिनंदन' आणि दोन फुलांसह. ती फाइल उघडते. पडदावाचकाला चित्रातली अक्षरे दिसत नाहीत. तो फाइलचे नाव सांगतो, पान एक पैकी एक म्हणतो, आणि गप्प बसतो. मुलगी बोट पुन्हा वरून खाली फिरवते. मग शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे फोन सरकवते आणि म्हणते, "काय लिहिलंय बघ गं."